हजेरीइतकीच काळजी अभ्याससाधनांचीही घ्या

मा. अध्यक्ष,
बार कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली



मी जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करते आणि एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर फौजदारी प्रक्रिया शिकवते. एलएल.बी. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन करता येणार नाही, ही परिषदेची भूमिका मला मान्य आहे. उलटतपास कसा घ्यायचा, न्यायाधीशांनी मध्येच थांबवलं तर काय बोलायचं, हे समोरासमोरच शिकावं लागतं. पण माझे विद्यार्थी ७० टक्के हजेरी भरूनही कायदा वाचतात तो फोनवर. त्या वाचनाची जबाबदारी आज कुणाकडेच नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने अटकपूर्व जामीन अर्जाचा मसुदा आणला. कलम बरोबर होतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४८२. आधाराला दिलेले निवाडे मात्र सगळे एफआयआर रद्द करण्याबाबतचे! तिने फोनवर ‘कलम ४८२’ शोधलं आणि समोर आला तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८२ वरचा, म्हणजे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांवरचा मजकूर. १ जुलै २०२४ पासून तो अधिकार कलम ५२८ मध्ये गेला आणि अटकपूर्व जामिनाचं जुनं ४३८ झालं ४८२. मुलगी मेहनती आहे. हाती आलेला निवाडा कोणत्या संहितेवरचा, पुढे मोठ्या पीठाने तो फिरवला का, हे पडताळण्याचं साधन तिच्याकडे नव्हतं. तिच्या जागी नवी सनद घेतलेला ज्युनियर असता, तर ही चूक पक्षकाराला भोवली असती.

पडताळणीचं हे काम एससीसी ऑनलाइन, मनुपात्र यांसारखे सशुल्क डेटाबेस करतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या मुलांना ते सहज मिळतात. आमच्या ग्रंथालयात असा एकही नाही. आणि तरीही आमचं ग्रंथालय नियमात बसतं, कारण २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत किमान अट आहे ती एआयआर, एससीसी यांसारख्या निवाडासंचांची, दर विद्यार्थ्यामागे दहा पुस्तकांची आणि वर्षाला एका अभ्यासक्रमासाठी ५० हजार, दोन अभ्यासक्रम असतील तर एक लाख रुपये खर्चाची. २००८ मध्ये हे ठीक असेल. तीन मूळ फौजदारी कायदे एका दिवसात बदलल्यावर त्या दहांपैकी किती पुस्तकं उपयोगाची उरली, हे तपासणीला येणाऱ्या समितीने विचारावं.

सप्टेंबर २०२४ मध्ये आपण महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही बंधनकारक केलं. संस्थांनी त्यासाठी पैसे उभे केले. म्हणजे परिषदेने अट घातली की पैसा निघतो! तशीच अट अभ्याससाधनांसाठी का नसावी?

काही गोष्टी फुकट आहेत, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते. इंडिया कोडवर केंद्रीय कायदे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या निवाड्यांचा ई-एससीआर हा संग्रह सगळ्यांना खुला केला, काही निवाडे मराठीतही मिळतात. न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाचा २०१८ चा निकाल तर स्वप्नील त्रिपाठी या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या याचिकेवरचा, आणि २०२२ पासून घटनापीठाची सुनावणी कुणालाही घरबसल्या पाहता येते. पण शंभर-दीडशे पानांचा निवाडा बोटभर रुंदीच्या ओळींत, डेटा पॅक संपायच्या आत वाचायचा असतो. बरीच मुलं दिवसा नोकरी करून येतात. ती मग निवाडा सोडतात आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहतात. मला त्यांना दोष देता येत नाही.

परिषदेने देशातल्या सगळ्या मान्यताप्राप्त महाविद्यालयांसाठी एकत्र डेटाबेस घ्यावा. छोट्या महाविद्यालयाला एकट्याने न परवडणारी किंमत परिषद घासाघीस करून खाली आणू शकते. विद्यार्थ्याला घरूनही त्यात प्रवेश मिळावा. ग्रंथालयात विद्यार्थीसंख्येच्या प्रमाणात चालू स्थितीतले संगणक असावेत, आणि समितीने ते सुरू करून पाहावेत.

आणखी एक. ड्राफ्टिंगच्या पेपरमध्ये आम्ही अजून वहीत वकीलपत्र लिहून घेतो. न्यायालयात ई-फायलिंग आलं आहे. शोधता येईल अशी पीडीएफ करणं, तिला बुकमार्क लावणं, शपथपत्र अपलोड करणं हे मुलं सिनिअरच्या कारकुनाकडून शिकतात. ते त्याच पेपरमध्ये गुणांसह आणा. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना तर अशीच पीडीएफ स्क्रीन रीडरवर ऐकता येते. स्कॅन केलेल्या नुसत्या चित्रातून त्यांना काहीच कळत नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी संसदेत जावं लागणार नाही. नियम आपले आहेत, त्यांची परिशिष्टंही आपलीच. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या मान्यता देण्यापूर्वी ग्रंथालयाची अट बदलावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
जिल्हा न्यायालयातील एक वकील व शिक्षिका