अंगणातील शकुंतलेसाठी पाषाणाची भिंत

यवतमाळ, दारव्हा, कारंजा येथील जुन्या पेढ्यांवर 'शकुंतला' म्हटले की कापसाच्या गाठी आठवतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग कापूस मुख्य मार्गावर नेण्यासाठीच घातला गेला. १९९४ पर्यंत तेथे वाफेचे इंजिन धावत होते. आता गाडीच थांबली आहे. नातवंडांना ती दाखवावयाची, तर अंगणात तिची प्रतिकृती मांडावी लागते.

शकुंतलेच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. बागेतील रेल्वेसाठी ४५ मिलिमीटरचे रूळ प्रचलित आहेत. म्हणजे प्रमाण सुमारे १:१७. स्थानकाची दीड मीटर उंचीची कुंपणभिंत येथे जेमतेम नऊ सेंटिमीटर भरते. तयार भिंती बहुधा विलायती विटांच्या असतात. वऱ्हाडच्या काळ्या पाषाणाच्या शेजारी त्या उपऱ्याच दिसतात. भिंत घरीच ओतावी, हे उत्तम.

प्रथम शाडूच्या सपाट थरावर दगड कोरावेत. एक दगड सुमारे बारा मिलिमीटर उंच असावा आणि उभ्या दरजा एकाखाली एक येऊ नयेत. भोवती लाकडी चौकट लावून सिलिकॉन रबर ओतले, की लवचीक साचा तयार होतो. एकाच साच्याच्या दहा फळ्या ओळीने लावल्या, तर तोच वाकडा दगड दहादा डोळ्यांत भरतो. ही लबाडी लहान मूलही पकडते. तीन निरनिराळे साचे करावेत आणि फळ्या आलटूनपालटून लावाव्यात.

प्लास्टर ऑफ पॅरिस सुबक उतरते, परंतु पहिल्याच मृगात विरघळू लागते. त्याऐवजी एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक चाळलेली वाळू व थोडा काळा रंग मिसळावा. पाणी बेताचेच. मिश्रण भरताना साचा हलकेच ठोकावा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. दुसऱ्या दिवशी फळी सोडवून सात दिवस ओल्या गोणपाटात ठेवावी. घंगाळात बुडवून ठेवण्याची प्रथा आहे खरी. पण साचलेल्या उघड्या पाण्यात जीव पडतात, गोणपाटाने तो दोष टळतो.

अखेरीस दरजांत कोरडी माती घासावी. हे काम नातवंडांकडे द्यावे. मोठ्यांची बोटे तेथे शिरत नाहीत.