डॅम्पिंग कुणाकुणाला करायचं?

मागच्या महिन्यात गाडीला डॅम्पिंग करून घेतलं. दारांचे पॅनल उघडून पत्र्यावर ब्युटाइलच्या शीट, वर फोम; छतालाही तेच. पत्र्याची थरथर गेली, उन्हाचा ताव कमी झाला. सुख आहे, नाकारत नाही.

पण परवा हॉस्पिटलसमोरच्या सिग्नलला काच खाली केली आणि लाज वाटली. शांतता क्षेत्राच्या पाटीखालीच हॉर्नचा नुसता धिंगाणा! २००० सालच्या नियमांप्रमाणे तिथे मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. मोजतंय कोण?

आपण चार पैसेवाले पत्रे जाड करून सुटलो. दुचाकीवाला, रिक्षावाला, चौकात तासन्‌तास उभा असलेला हवालदार, वरच्या मजल्यावरचा पेशंट, यांनी डॅम्पिंग कुठं करायचं? कानात?

आणि गंमत बघा. आत शांत झालं की आपलाच हॉर्न आपल्याला कमी ऐकू येतो, मग आपण तो आणखी जोरात दाबतो. मीही दाबलाय, कबूल.

शांतता ही ॲक्सेसरी नाही, हक्क आहे. साहेब, पाट्या पुरे झाल्या, आता पावत्या फाडा. पहिली माझी फाडली तरी चालेल.