म्हणे, पिंजरा लावा!

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीची बैठक झाली. विषय एकच: कायोटी. तीन घरांच्या मागच्या अंगणात दिसला, एका मांजराचा पत्ता नाही, आणि एका कुत्रीला चावला. ठराव आला की सापळेवाल्याला बोलवा, पकडा आणि कुठेतरी लांब सोडून या. टाळ्या पडल्या. मी विरोधात हात वर केला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण चावलेली कुत्री माझीच होती!

मंडळी, आधी थोडी ओळख करून देतो. आपण 'फॉक्स'ला बिनधास्त कोल्हा म्हणतो, पण फॉक्स म्हणजे खोकड. आपला कोल्हा म्हणजे जॅकल, आणि कायोटी हा त्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ, अंगाने जरा थोराड. मूळचा पश्चिमेकडच्या माळरानांचा. माणसाने लांडगे मारून संपवले, जंगलं तोडली, तसा विसाव्या शतकात सरकत सरकत पूर्वेकडे आला. हर्नडन हे वॉशिंग्टनजवळ, डलेस विमानतळाला खेटून असलेलं गाव. २०२२ साली इथे मेट्रोसुद्धा आली. पण गावातून शुगरलँड रन नावाचा ओढा वाहतो, तो पुढे पोटोमॅक नदीला मिळतो. त्याच्या काठाची झाडी म्हणजे या जनावरांचा हमरस्ता. हरणं, रकून, खोकडं, कायोटी, सगळे तिथून ये-जा करतात. आमचं अंगण त्या रस्त्यालगत आहे, हे घर घेताना आम्हाला फार रोमँटिक वाटलं होतं.

आता चिंगीची गोष्ट. चिंगी म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेली आमची सात किलोची कुत्री. वसाहतीच्या नियमांत उंच कुंपण बसत नाही, म्हणून आम्ही 'अदृश्य कुंपण' घातलं. जमिनीत तार पुरायची, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. तारेजवळ गेलं की आधी पट्टा वाजतो, आणि तरी पुढे गेलं तर झटका बसतो. मी पडलो इंजिनियर, मला हे भारी आवडलं. नोव्हेंबरातली रात्र, अकरा वाजलेले. मी नेहमीसारखं काचेचं दार सरकवलं, चिंगीला बाहेर सोडलं आणि आत उभा राहून मेल वाचत बसलो. किंकाळी ऐकून धावलो तेव्हा चिंगी तारेच्या हद्दीवर थरथरत उभी होती आणि मागे कायोटी. मी ओरडलो, तो ओढ्याकडे निघून गेला. चिंगीच्या मांडीला सात टाके पडले.

नंतर विचार करताना लक्षात आलं की हे कुंपण एकतर्फी आहे. कुत्र्याला ते आत अडवतं, आणि कायोटीच्या गळ्यात काही पट्टा नसतो! म्हणजे मी पैसे खर्चून असं यंत्र बसवलं होतं, की ज्यात शिकारी मोकळा आणि भक्ष्य डांबलेलं. पीएचडी केलेल्या माणसाला हे कळायला सात टाके लागले.

रेबीजची लस वेळेवर दिली होती म्हणून निभावलं. लगेच बूस्टर आणि ४५ दिवस घरात नजरेखाली. लस नसती तर महिनोन् महिने सक्तीचं विलगीकरण, नाहीतर मारून टाकणं, हे दोनच पर्याय असतात. तर, चूक कायोटीची की माझी?

"अहो, पण उचलून लांब सोडलं तर बिघडलं कुठे?" असं बैठकीत आमच्या शेजारच्या मराठी काकांनी विचारलं. बिघडतं, काका. एक तर पकडलेलं रानटी जनावर दुसरीकडे नेऊन सोडणं व्हर्जिनियात बेकायदेशीर आहे. आणि तो कायदा उगाच नाही. १९७० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी दक्षिणेतले, फ्लोरिडाकडचे रकून पकडून व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेकडे आणून सोडले गेले. त्यांच्याबरोबर त्यांचा रेबीजही आला, आणि मग तो पूर्व किनाऱ्याने पसरत पार कॅनडापर्यंत पोचला. आज मी चिंगीला रकूनपासून जपतो, त्याचं मूळ कुणाच्या तरी 'उचलून सोडून या'मध्ये आहे.

दुसरं उदाहरण माझ्या घरचं. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला. उसाचा पट्टा, म्हणजे बिबटे आलेच. २००१ ते २००३ या काळात तिथे बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडायचा सपाटा लागला होता. मी तेव्हा शाळेत होतो. पिंजरा भरला की आम्ही पोरं गाडीमागे पळायचो. गाडी कुठे जाते, हे एकानेही विचारलं नाही. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशोब मांडला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. आधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ झाले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, माणसांत येऊन पडतं, आणि रिकामी झालेली जागा दुसरं जनावर घेतं.

मग मारून टाकावं? व्हर्जिनियात खाजगी जमिनीवर कायोटी मारायला वर्षभर मुभा आहे. तरीही तो राज्यभर आहेच. यावरून काय ते समजा.

एक कबूल करतो. ज्यांच्या घरातलं माणूस बिबट्याने नेलं, त्यांना हर्नडनमध्ये बसून शहाणपण शिकवायची माझी हिंमत नाही. तिथे पिंजरा लागणारच. इथेही भरदिवसा माणसाच्या अंगावर येणारं जनावर असेल तर कळवलंच पाहिजे. पण मी बोलतोय कुत्र्यांबद्दल, आणि तिथे दोष नव्वद टक्के आपला असतो (हा आकडा माझा, शास्त्राचा नाही).

आजोबांचा वाघ्या रात्रभर पडवीत साखळीला बांधलेला असायचा. 'राखणीला'. एका सकाळी नुसती साखळी उरली होती. आजोबांनी बिबट्याला शिव्या घातल्या, आठवड्यात नवं पिल्लू आणलं, आणि त्याच साखळीला बांधलं. अकोल्याच्या, म्हणजे नगरकडच्या अकोल्याच्या शेतीभागातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अत्रेय यांनी अभ्यास केला, तेव्हा वजनाने त्यांच्या खाण्यातला सुमारे ३९ टक्के भाग कुत्र्यांचा निघाला. आपणच ताट वाढून ठेवायचं आणि पाहुणा आला की बोंब मारायची! मी तेच केलं, फक्त माझी साखळी अदृश्य होती.

करायचं काय, ते अगदी साधं आहे. अंधारात कुत्र्याला एकटं सोडायचं नाही, हातात दोरी धरून आपण बाहेर उभं राहायचं. आधी दिवा लावायचा, टाळ्या वाजवायच्या, मग दार उघडायचं. खाण्याचं भांडं बाहेर ठेवायचं नाही. कचरा रात्री नाही, सकाळी बाहेर. पक्ष्यांना टाकलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे खोकडं, हे लक्षात ठेवायचं. कायोटी दिसला तर पाठ करून पळायचं नाही, मोठ्याने ओरडायचं. जानेवारीपासून पिल्लं मोठी होईपर्यंत जास्त जपायचं, कारण त्या दिवसांत त्यांना कुत्रं म्हणजे घुसखोर वाटतं. रेबीजची लस तर हवीच, लेप्टोचीही. २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना लेप्टो वेगळा सांगायला नको. इथे तो रकूनच्या मुतातून डबक्यात उतरतो.

यात अवघड काय आहे? काही नाही. कंटाळवाणं मात्र आहे. रात्री अकरा वाजता, बाहेर शून्याखाली तापमान असताना, चिंगी कुठल्या पानाचा वास घ्यायचा ते ठरवेपर्यंत उभं राहणं याला शौर्य लागत नाही, चिकाटी लागते. पिंजरा लावला की हा कंटाळा दुसऱ्यावर ढकलता येतो, म्हणून टाळ्या पिंजऱ्याला पडतात.

असो. ठराव पुढच्या बैठकीवर गेलाय. गावी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "अरे, एवढं शिकून तिकडेही कोल्ह्याकुत्र्यांचंच?" म्हटलं, आई, ते राहू दे. पडवीतल्या काळूला आज रात्री घरात घे.

"घाण करील रे तो."

करू दे. सकाळी पुसता येईल.