मॅट्रिक वजा इंग्रजी

२२ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, देशभरचे शिक्षणतज्ज्ञ जमले होते. निमित्त त्या हायस्कुलाच्या रौप्यमहोत्सवाचे, अध्यक्ष गांधीजी. गंमत अशी की हायस्कुलाच्या उत्सवात दोन दिवस खल झाला तो हायस्कुली शिक्षण नको म्हणून. गांधीजींचा हिशेब सोपा होता : मॅट्रिकच्या अभ्यासातून इंग्रजी वजा करा, एक उद्योग मिळवा आणि हे सारे सात वर्षांत, मातृभाषेतून, फुकट द्या. हेच ते बुनियादी शिक्षण.

तिथेच नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने वेळापत्रकही आखून दिले. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे उद्योगाला, मातृभाषेला चाळीस मिनिटे. आजचा पालक ऐकूनच दुसरी शाळा शोधायला लागेल.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने शाळा चालवून हे करून दाखवले. सूत कातायला पेळू हाती घेतलेल्या पोराला गणिताचा तास निराळा लागत नसे. चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी. तर गुंडी किती फूट? आज तारा किती निघाल्या, तुटल्या किती, कापूस किती गेला? संडास-सफाई आणि स्वयंपाकघराचा जमाखर्च हेही तासच. डॉ. अभय बंग इथलेच विद्यार्थी. गाईंच्या पाण्याच्या टाक्यावरून आपण घनफळ कसे शिकलो, हे त्यांनी लिहून ठेवले आहे.

अशी शाळा बंद पडली. कुणी येऊन कुलूप ठोकले नाही. थोरल्या मुलांसाठी ‘उत्तर बुनियादी’ निघाली आणि तिथेच गाडे अडले, कारण तिचा दाखला विद्यापीठाच्या खिडकीवर चालेना. बाप विचारी, ‘पोट्टं समोर जाईन कुठं?’ प्रश्न खोटा नव्हता. १९५९ मध्ये ही शाळा चालवणारा हिंदुस्तानी तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. १९६७ मध्ये आर्यनायकम् गेले, मग आशादेवीही. पुढे काही वर्षांतच वर्ग थांबले.

आम्ही वर्धेकर याचा सारा दोष सरकारच्या माथी मारतो. मला ते अर्धेच पटते. सरकारने बुनियादीच्या पाट्या लावल्या नि टकळ्या कपाटात ठेवल्या, हे खरे. पण दाखला हवा होता तो आपल्यालाच.

शहराला खेटून असलेल्या सिंदी मेघेत सकाळी सातला कोपऱ्यावर उभे राहावे. पिवळ्या बसची वाट बघणारी, गळ्यात टाय अडकवलेली पोरे दिसतात. एखादीची आई तिथेच उभ्या उभ्या स्पेलिंग घोकून घेत असते. २०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचा बेत केला, तेव्हा चौदा हजारांवर शाळा त्या रेषेखाली निघाल्या. पट कुठे गेला याचा थोडा तरी पत्ता या बसला ठाऊक असावा.

सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून ‘आनंद निकेतन’ भरते आहे, मराठी माध्यमाचे. शेती आहे, सूतकताई आहे. पालकसभाही होतच असेल. तिथे पहिला प्रश्न कोणता येत असेल, हे सिंदी मेघेतला कुठलाही बाप सांगू शकेल.