पक्षिदर्शन की पक्षिपीडा?

गेल्या काही वर्षांत आमच्या सुशिक्षित वर्गात एक नवी हौस वाढीस लागली आहे. हिवाळा सुरू झाला की गळ्यात दुर्बीण, खांद्यावर लांब नळीचा कॅमेरा आणि हातात फराळाची पिशवी अशा थाटात कुटुंबेच्या कुटुंबे ठाण्याच्या खाडीकडे लोटतात. कोणी ऐरोलीच्या धक्क्यावरून होडीत बसतात, कोणी नेरूळच्या तळ्याकाठी उभे राहतात, तर कोणी थेट गोव्यास जाऊन मांडवीतील चोडण बेटाच्या तिवरांत शिरतात. या हौशीस आमचा विरोध नाही. सुटीचा दिवस दुकानांच्या झगमगाटात घालविण्यापेक्षा पाणथळीच्या काठी घालविणे केव्हाही श्रेयस्कर. आमचा वाद आहे तो या हौशीच्या रीतीशी. जे पाहावयास आपण जातो त्यालाच आपल्या पाहण्याने धक्का बसत असेल, तर त्या पाहण्यास दर्शन हे पवित्र नाव देण्याचा आपणांस काय अधिकार, असा आमचा रोखठोक सवाल आहे.

प्रथम हे स्थळ कोणते आहे ते नीट समजून घेऊ. ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली तिला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला. ज्यास आपण रोहित, अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणतो, तो पक्षी साधारणतः कार्तिकाच्या सुमारास येथे येऊ लागतो व पावसाळा तोंडावर येताच निघून जातो. काही वर्षी त्यांची मोजदाद लाखाच्या वर गेली आहे. यांची वीण कच्छच्या रणात होते. १९४५ साली सलीम अली तेथील वसाहत पाहून आले व तिचे वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले. खाडीत हे पक्षी येतात ते पोटासाठी. धाकटा रोहित आपली वाकडी चोच पाण्यात उलटी बुडवून चिखलमिश्रित पाणी गाळतो व त्यातील सूक्ष्म शेवाळ खातो. त्याच्या पंखांची जी गुलाबी छटा पाहून आपण माना डोलावितो, ती याच शेवाळातून आलेली असते.

आता या भोजनाचे वेळापत्रक पाहा. ते घड्याळावर नसून चंद्रावर आहे. ओहोटीने चिखल उघडा पडला की पंगत बसते. भरती आली की पंगत उठते, आणि मग हे पक्षी मिठागरांत, आतल्या तळ्यांत, बांधांवर जाऊन विसावा घेतात. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानाने कळते, हे कोकणातील कोणताही कोळी आजही तोंडी सांगेल. उधाण केव्हा, भांग केव्हा, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेले असते. आमचा पदवीधर मात्र आपल्या सवडीने नऊ वाजता येतो, पक्षी दूर चिखलात दिसले म्हणून चिडतो, आणि होडीवाल्यास म्हणतो, ‘अरे, अजून जरा पुढे घे की!’ होडी पुढे जाते. थवा माना वर करतो. खाणे थांबते. होडी आणखी पुढे जाते. थवा चालू लागतो, मग धावू लागतो, कारण हा जड पक्षी चार पावले धावल्यावाचून उडू शकत नाही. अखेर आकाश गुलाबी होते, होडीत टाळ्या पडतात, आणि यंत्रांची कचकच सुरू होते. ज्या क्षणास आपण सहलीचा परमोच्च आनंद समजतो, तो क्षण त्या पक्ष्यांच्या बाजूने पाहिल्यास जेवत्या ताटावरून उठवून हाकलून देण्याचा क्षण असतो. ताटावरून उठविणे हे आपल्या घरी महापाप गणले जाते, परंतु खाडीत तेच कौतुक ठरते!

कोणी म्हणेल, एकदा उडाला म्हणून पक्ष्याचे असे काय बिघडले? तो पुन्हा बसेल. बसेल खरा, परंतु त्याच्यामागून दुसरी होडी येते, तिसरी येते, आणि ओहोटी काही कोणासाठी थांबत नाही. याच चिखलात टिलवा नावाचा एक चिमुकला पक्षी असतो. त्याचे वजन अवघे अडीच तोळ्यांच्या आतबाहेर, आणि त्याची वीण मात्र उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशात. चैत्र-वैशाखात परतीच्या प्रवासास निघण्यापूर्वी त्याने अंगावर चरबी साठविली नाही, तर एवढी मजल त्याने मारावी कशाच्या बळावर? ही शिदोरी त्यास दर ओहोटीला थोडी थोडी गोळा करावी लागते. प्रत्येक विनाकारण उड्डाणात दोन तोटे होतात. खाण्याचा वेळ जातो व खाल्लेले खर्ची पडते. हा जमाखर्च समजण्यास पक्षिशास्त्राची पदवी लागत नाही, साधी गृहिणीची हिशेबाची वही पुरे.

दुसरा प्रकार दानशूरपणाचा. खाडीवर अथवा समुद्रात होडी निघाली की कुरव पक्षी मागे लागतात, आणि आमची मंडळी शेव, गाठ्या, कुरकुरीत तळलेले बटाट्याचे काप असे हवेत उधळू लागतात. यास भूतदया म्हणतात! मासे, कोळंबी, किडे यांवर जगणाऱ्या पाखरास मीठ आणि तेल यांचा हा रतीब घालण्यात दया कोणती? तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करतो. त्याने तेथे परतावयाचे ते फरसाणाच्या जोरावर काय? शिवाय आयत्या घासाची चटक लागलेला पक्षी माणसाजवळ, वाहनांजवळ, रस्त्याजवळ येऊ लागतो, आणि रिकाम्या पिशव्या शेवटी तिवरांच्या मुळांत जाऊन अडकतात. खरे कारण दया नसून पक्षी हाताजवळ यावा व त्याचे चित्र निघावे हे आहे. मग आपण प्रामाणिकपणे त्यास आमिष म्हणू या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे तीत केवळ मारणे येत नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्यास हाकणे, आमिष दाखविणे, पक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणे, हे सर्व तीत आले आहे. कायदा करणारांना जे कळले ते कॅमेरेवाल्यांना कळू नये, हे आश्चर्य होय. बंदूक टाकून दुर्बीण हाती घेतली म्हणजे शिकारीपण आपोआप सुटते असे नाही. ते मनातून सुटावे लागते.

आता आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांचा परामर्श घेऊ. पहिला आक्षेप असा की, ‘आम्ही पैसे मोजतो, तेव्हा पक्षी जवळून पाहणे हा आमचा हक्क आहे.’ पैसे होडीच्या जागेचे मोजलेले असतात, पक्ष्यांचे नव्हे. नाटकाचे तिकीट काढणारा प्रेक्षक रंगमंचावर चढून नटाच्या तोंडाशी दिवा धरीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘खाड्यांत भराव पडतात, तिवरे तोडली जातात, तळ्यांत येणारे भरतीचे पाणी अडते. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरजवळ एका विमानाच्या धडकेने चाळिसांच्या घरात रोहित एका रात्रीत मेले. एवढे मोठे अनर्थ सोडून आमच्या दोन घटकांच्या करमणुकीवर टीका कशाला?’ अनर्थ मोठे आहेत हे आम्हांस शंभर वेळा मान्य. परंतु शेजाऱ्याने घर जाळले म्हणून आपण खिडक्या फोडाव्यात हा न्याय आम्हांस समजत नाही. उलट, ज्या पक्ष्यांची विसाव्याची ठाणी एकामागून एक आकसत आहेत, त्यांस उरलेल्या ठाण्यात तरी स्वस्थता मिळावी. दुसरे असे की, उद्या या पाणथळीवर गदा आली तर तिच्या बाजूने उभे कोण राहणार? आजचे प्रेक्षकच. ज्याने पाणथळीकडे केवळ चित्राची पार्श्वभूमी म्हणून पाहिले, त्यास दुसरी पार्श्वभूमी मिळाली की पुरे. तो भांडणार नाही.

तिसरा आक्षेप मातापित्यांचा. ‘मुलांना निसर्गाची गोडी लागावी म्हणून आम्ही नेतो. मुले गलका करणारच.’ मुलांस देवळात, गाण्याच्या बैठकीत, आजारी माणसाच्या खोलीत कसे वागावे ते आपण शिकवितोच ना? मुले ऐकतातही. खाडीवर गलका करतात ती बहुधा मोठी माणसे, आणि मुले ते पाहून शिकतात. चिखलातून उड्या मारणारी निवटी, बिळाच्या तोंडाशी उभी चिंबोरी, एका पायावर ध्यानस्थ बगळा, हे सारे मुलास अर्धा तास खिळवून ठेवण्यास समर्थ आहे. मात्र बापाने तेवढा वेळ दूरध्वनी खिशात ठेविला पाहिजे.

उपाय अवघड नाहीत. भरती-ओहोटीची वेळ पाहून जावे, आपल्या सवडीची नव्हे. भडक वस्त्रे व वाद्ये घरी ठेवावी. पक्ष्याने खाणे थांबवून मान वर केली की तेथेच थांबावे, ती त्याने घातलेली सीमा होय. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पाखरास बाहेर काढू नये, उडते यंत्र थव्यावर सोडू नये, वाळूत अथवा मिठागराच्या बांधावर घरटे दिसल्यास त्याचा ठावठिकाणा गावभर सांगू नये. खाण्याचे पदार्थ स्वतः खावे व वेष्टने परत आणावी. होडीवाल्यास जादा पैशाचे आमिष दाखवून पुढे दामटू नये. उलट, जो नावाडी ‘यापुढे नेणार नाही’ असे सांगेल त्यासच बक्षीस द्यावे. आणि नियतकालिकांनीही भयाने उधळलेल्या थव्यांची चित्रे ‘नयनरम्य’ म्हणून छापणे बंद करावे. मागणी आटली की पुरवठा आटतो.

दूर चिखलात एक गुलाबी रेघ दिसली, ती हलली नाही, आपण अर्धा तास पाहिली व परत आलो, अशी सहल फुकट गेली असे अनेकांस वाटते. आमच्या मते तीच सहल सफल झाली. ज्या पंगतीस आपण गेलो ती आपण आल्याचे न कळता तशीच चालू राहिली, याहून पाहुण्याने अधिक सभ्यपणा तो कोणता दाखवावा? ज्यांना एवढा सभ्यपणा जमत नसेल त्यांनी पक्ष्यांची पुस्तके घरी बसून वाचावी. त्यात पक्षी अगदी जवळून दिसतात, आणि उडून जात नाहीत.