चिखलाचे परकर

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली एलिझाबेथ आजारी बहिणीला पाहायला तीन मैल चिखल तुडवत जाते. परकराची किनार चिखलाने माखते. बहीण जिथे आजारी पडली आहे त्या घरच्या बायका नाकं मुरडतात, वाचक मात्र तिच्या बेधडकपणावर खूश होतो. ही कादंबरी १८१३ची. असले परकर धुवायचे कुणी, ही चौकशी करायला मात्र २०१३ उजाडलं. त्या साली जो बेकर यांची ‘लाँगबोर्न’ आली, आणि ती सुरूच होते धुण्याच्या दिवसापासून. पहाटेचे साडेचार, पंपाचा गारठलेला लोखंडी दांडा आणि तो ओढणारी, थंडीने हात सुजलेली, एलिझाबेथच्याच घरची मोलकरीण सारा. आपले परकर आपणच धुवावे लागले असते तर एलिझाबेथबाई जरा जपून चालल्या असत्या, असं तिच्या मनात येतं. घर तेच, माणसं तीच. लेखिका तेवढी दिवाणखान्यातून उठून धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसली.

सारा कल्पनेतली. पण खरीखुरी माणसंही अशीच नजरेतून निसटतात. स्ट्रॅटफर्डच्या चर्चच्या वहीत ११ ऑगस्ट १५९६ या तारखेला अकरा वर्षांच्या एका मुलाच्या दफनाची नोंद आहे. हॅम्नेट, विल्यम शेक्सपिअरचा मुलगा. कशाने गेला, ते लिहिलेलं नाही. मॅगी ओ’फॅरल यांनी ‘हॅम्नेट’मध्ये (२०२०) त्या कोऱ्या जागेत प्लेग आणला आणि आईला मधोमध बसवलं. जग तिला ॲन हॅथवे म्हणतं. तिच्या वडिलांच्या मृत्युपत्रात नाव आहे ॲग्नेस. लेखिकेने तेच उचललं. शेक्सपिअर हे नाव मात्र अख्ख्या कादंबरीत एकदाही येत नाही. तो आहे नुसता नवरा, बाप, लॅटिनचा मास्तर.

पुरावा नसताना हे लिहायचा अधिकार कुणी दिला, असं कुणी विचारेल. आमच्या मते अधिकार आहे, पण त्याला हद्द आहे. नोंद बोलते तिथे कादंबरीने ऐकून घ्यावं. ती गप्प होते तिथे बोलावं. आणि दुर्लक्षिलेल्या माणसाला भरपाई म्हणून थोरपण वाटू नये. साराचे हात सुजलेले दिसले, एवढं पुरे आहे.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’ आठवतात. त्या आमच्याही आवडत्या. पण पानिपतावर फौजेमागून चालत गेलेल्या हजारो माणसांना आपण एक शब्द देऊन मोकळे झालो, बाजारबुणगे, आणि पुढे तो शिवीसारखा वापरू लागलो. त्यांच्यातल्या एखाद्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या चुलीपासून सुरू होणारी मराठी कादंबरी वाचायची आम्हाला फार इच्छा आहे.

तोवर फराळाचं ताट पुढ्यात ओढून हा अंक उघडा. ते ताट मागाहून कुणाच्या हाताने घासलं जाणार आहे, तेवढं मात्र एकदा मनात येऊ द्या.

शुभ दीपावली.

— संपादक