मरणाची नोंद इथे, जगण्याची कुठे?
पुणे जिल्ह्यातल्या राहू बेटात उसाचा हंगाम लागला की गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात, आणि त्यांच्यापुढे राबणारी कितीतरी माणसं उत्तर प्रदेशासारख्या लांबच्या मुलखातून आलेली असतात. उकळती काहील आणि फिरता चरक यांच्याशी त्यांची रोजची गाठ. यातला एखादा कामावरच दगावला, तर त्याचं आयुष्य शोधायचं कुठून? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडतो तिथेच त्याची नोंद होते. म्हणजे मरण इथल्या दप्तरात, जन्म शेकडो कोसांवर, आणि मधल्या वर्षांचा पुरावा काय, तर मुकादमाच्या वहीतला उचलीचा आकडा. याच्याशी खाणीतल्या मजुराची तुलना करून बघा. धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसलं आणि सुमारे पावणेचारशे कामगार गेले. पण खाणकामगाराचं नाव रजिस्टरात लिहिणं १९५२ च्या खाण कायद्याने बंधनकारक होतं. त्या एका ओळीवरून घराचा माग काढता येतो. गुऱ्हाळावरच्या माणसाच्या वाट्याला बहुधा तेवढी ओळही येत नाही. मग भरपाई मागायची तर तो इथे कामाला होता, हेच वारसांना आधी सिद्ध करावं लागतं. म्हणून हंगामाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, जिल्हा आणि घरचा फोन नंबर वहीत लिहा, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. ज्याच्या घामावर आपला गूळ तयार होतो, तो कुठे आणि कसा गेला, हे त्याच्या आईला कळलंच पाहिजे.